प्रश्नकर्त्याचे नाव : नागसेनवन आणि डॉ. आंबेडकरांचे तीन ग्रंथ

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ सालापर्यंतचे औरंगाबाद, या शहरातून विद्यापीठाकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत नागसेनवन नावाचा विस्तीर्ण परिसर लागतो. तेथे मिलिंद महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, व १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नागसेन हा भिक्षू व मिलिंद हा राजा. भिक्षूचे नाव वनास मिळाले, आणि राजाचे नाव महाविद्यालयास. विद्यालयास गुरूचे, संताचे अथवा देणगीदाराचे नाव देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु मिलिंद हा यांपैकी कोणीच नव्हे. त्याने प्रश्न विचारले, उत्तरे नागसेनाने दिली, आणि वादाच्या शेवटी राजा निरुत्तर झाला. असे असता विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे नित्य राहावे म्हणून त्याचेच नाव का निवडले गेले असावे, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

‘मिलिंदप्रश्न’ हा पाली भाषेतील प्रसिद्ध ग्रंथ. त्यातील मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य हिंदुस्थानात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. त्याची नाणी आजही सापडतात. सागल नगरी ही त्याची राजधानी; हल्लीचे सियालकोट ते हेच, असे विद्वान मानतात. राजा मोठा वादपटू. त्याच्या प्रश्नांपुढे कोणी टिकेना, तेव्हा त्याची गाठ नागसेनाशी पडली. वादास आरंभ होण्यापूर्वी नागसेनाने एक अट घातली, आणि साऱ्या ग्रंथाचे मर्म त्या अटीत आहे. राजाने पंडिताप्रमाणे वाद करावा की राजाप्रमाणे, हे आधी ठरावे, असे तो म्हणाला. पंडितांच्या वादात एक मुद्दा मांडतो, दुसरा तो खोडतो, कोणाची चूक पदरात येते, पण त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र विरुद्ध बोलणाऱ्यास दंड होतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. नंतर रथाचा तो सुप्रसिद्ध दृष्टान्त येतो. राजा रथातून आला. तर मग रथ म्हणजे चाक काय, आस काय, दांडी काय, की या साऱ्यांहून निराळे काही आहे, असे नागसेन त्यास विचारतो, आणि मनुष्यास आपण जे नाव देतो तेही असेच अनेक अंगांच्या मेळास दिलेले नाव आहे, हे राजाच्याच तोंडून वदवितो.

ज्याच्या हाती दंड आहे त्याने तो बाजूस ठेवून शंका विचाराव्या, आणि उत्तर पटल्यावर तसे मोकळेपणी कबूल करावे, ही मिलिंदाची थोरवी. आपल्याकडील धर्मशिक्षणात या गोष्टीस स्थान किती, हे ज्याचे त्याने पाहावे. पुष्कळ ठिकाणी पाठांतरालाच शिक्षण म्हणतात, आणि शंका विचारणारा मुलगा उद्धट ठरतो.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या बालपणी असा एक प्रसंग घडला होता. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पंथाने कबीरपंथी, वृत्तीने धार्मिक. घरात भजने होत, आणि मुलांकडून रामायण व महाभारत वाचून घेण्याचा त्यांचा कटाक्ष असे. मुलाने एके दिवशी विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हेटाळणी आहे ते आपण का वाचावे? सुभेदारांना प्रश्न आवडला नाही, तरी त्यांनी उत्तर टाळले नाही. द्रोण व कर्ण हे लहान स्थितीतून केवढे वर चढले, वाल्मीकी हा कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, तेव्हा आपण हीन आहोत ही भावना मनातून जावी म्हणून हे वाचावयाचे, असे त्यांनी सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत नमूद केली आहे. शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर या प्रसंगातील दोघेही आपापल्या जागी योग्य दिसतात. बापाने उत्तर दिले, आणि ते पटले नाही म्हणून मुलास शिक्षा केली नाही.

त्याच सुमारास कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी या मुलास स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. केळूसकर हे मुंबईतील शिक्षक. ही भेट मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर मिळाली, असे चरित्रकार लिहितात. बाबासाहेबांच्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथीच्या वेळची म्हटली आहे. इयत्ता कोणतीही असो, एका शाळामास्तराने दिलेले पुस्तक सुमारे अर्धे शतक एका मनात जिवंत राहिले, आणि त्यातून आणखी एक ग्रंथ जन्मास आला. बक्षिसाच्या पुस्तकांची निवड करताना कारकुनी घाई करणाऱ्या शाळांनी हे ध्यानी घ्यावे.

ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावलेली असतात. राजकारणाचे कपाट निराळे, चरित्र-आत्मचरित्राचे निराळे, आणि धर्माचे बहुधा कोपऱ्यातले. बाबासाहेबांचे तीन ग्रंथ या तीन कपाटांत विखुरलेले सापडतात. पण ते एकापाठोपाठ एक वाचले म्हणजे एकाच माणसाचा एकच प्रश्न तिन्हींतून पुढे सरकत असल्याचे दिसते. त्या प्रश्नाचे एक टोक याच जिल्ह्यातल्या दौलताबादच्या किल्ल्याशी आहे.

१९३४ साल. अस्पृश्यांच्या चळवळीतील सुमारे ३० कार्यकर्त्यांचा मेळा बाबासाहेबांसह वेरूळची लेणी पाहावयास बसने निघाला. हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेत दौलताबाद लागले. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक लहान तळे होते, व सभोवती रुंद फरसबंदी. धुळीने माखलेल्या प्रवाशांपैकी काहींनी फरसबंदीवर तोंड-हातपाय धुतले आणि मंडळी दरवाजाशी गेली. आत जाण्याची परवानगी मागत असता पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान मागून ओरडत आला, की या लोकांनी तळे बाटविले. पाहता पाहता जमाव जमला आणि शिव्यांची लाखोली सुरू झाली. पाहुणे परके, त्यांना येथील रिवाज ठाऊक नाही, हे सांगूनही उपयोग होईना. त्या गावच्या अस्पृश्यांवरही लोक उलटले. शेवटी बाबासाहेबांचा संयम सुटला. तुमचा धर्म हेच शिकवितो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यास या तळ्याचे पाणी नाकाराल काय, असे त्यांनी विचारले. जमाव गप्प झाला. परवानगी मिळाली, पण किल्ल्यात कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही या अटीवर; आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यास एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

हा गृहस्थ कोण होता, याची येथे आठवण करावी. कोलंबिया विद्यापीठाचा व लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेचा पदवीधर, बॅरिस्टर, १९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदांत बसलेला प्रतिनिधी, १९३२ च्या पुणे कराराचा एक पक्षकार. ज्याचे म्हणणे लंडनला राज्यकर्त्यांनी ऐकून घेतले, त्यास दौलताबादला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी शिपाई नेमावा लागला.

हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोटेखानी इंग्रजी लिखाणात आहे. बाबासाहेबांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले. अस्पृश्यता म्हणजे नेमके काय हे परदेशी माणसास कळावे, हा त्याचा हेतू. म्हणून त्यात सिद्धान्त नाहीत, प्रसंग आहेत. १९०१ साली गोरेगावास वडिलांकडे निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होत नाही. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकण्याच्या बोलीवर गाडी मिळते, आणि सारी रात्र पाण्यावाचून जाते. पुढे परदेशी शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर आलेल्या तरुणास राहावयास जागा मिळत नाही. एका पारशी धर्मशाळेच्या माडीवर, अडगळीत, वटवाघळांच्या सोबतीत तो एकटा राहतो, आणि वाचनात बुडून आपले एकटेपण विसरतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी येतात. ही पाने वाचताना मनास चटका बसतो, पण लेखक कोठेही रडगाणे गात नाही. हिंदूस जो अस्पृश्य तो पारशासही व मुसलमानासही अस्पृश्यच, एवढे तो दाखवितो आणि पुढचा प्रसंग सांगू लागतो. संकटांवर मात केल्याच्या कथा हल्ली पुष्कळ निघतात व त्यांत लेखक अखेरीस विजयी मुद्रेने उभा असतो. या पुस्तिकेत तसला विजय नाही, आणि म्हणूनच विद्यार्थ्याने तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

दौलताबादच्या प्रसंगास १६ वर्षे झाली, आणि त्याच जिल्ह्यात बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले. मराठवाड्याची तेव्हाची स्थिती आज डोळ्यांपुढे आणणे कठीण आहे. संस्थानातील उच्च शिक्षण हैदराबादला एकवटलेले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकविण्याची भाषा उर्दू. मराठी खेड्यातला मुलगा, त्यातही अस्पृश्य मुलगा, तेथवर पोहोचणार कसा? १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले. त्यानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच हे काम उभे राहिले. सोसायटीचे पहिले महाविद्यालय, सिद्धार्थ, मुंबईत १९४६ साली निघाले होते. दुसऱ्यासाठी पुण्यासारखे विद्येचे जुने ठिकाण न निवडता औरंगाबाद निवडले, यातच सर्व आले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. त्यास १९९४ सालापासून बाबासाहेबांचे नाव आहे.

आता राजकारणाच्या कपाटातील ग्रंथ. १९४० च्या मार्च महिन्यात मुस्लिम लीगने लाहोरास ठराव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ बाहेर पडला. स्वतंत्र मजूर पक्षाने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली होती. तिच्या कामातून तो सिद्ध झाला. १९४५ च्या वाढविलेल्या आवृत्तीस ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ असे नाव पडले. ग्रंथाची रचना वकिलाची आहे. आधी मुसलमानांची बाजू त्यांच्या वतीने, मग हिंदूंची बाजू हिंदूंच्या वतीने, मग फाळणीस पर्याय काय, असा क्रम. परदेशापासून घ्यावयाच्या धड्यांचे एक प्रकरण त्यात आहे, व तेथे तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया ही दोन उदाहरणे सविस्तर तपासली आहेत. तुर्की साम्राज्याचे तुकडे कसे झाले, आणि १९१८ साली जन्मलेले चेकोस्लोव्हाकियाचे राज्य १९३८ च्या म्युनिक करारानंतर काही महिन्यांतच नकाशावरून कसे पुसले गेले, हे ताजे जगाचे राजकारण हिंदुस्थानच्या प्रश्नाशी जोडून दाखविण्याची ही रीत त्या काळी विरळ होती. गांधीजी व जिना यांच्या १९४४ च्या वाटाघाटींत दोघांनीही या ग्रंथाचा आधार म्हणून उल्लेख केला, ही गोष्ट ग्रंथकाराने दुसऱ्या आवृत्तीत नोंदविली आहे.

ग्रंथ वाचावयास सोपा नाही. कोष्टके पुष्कळ, पुरवण्या त्याहून अधिक, आणि काही प्रकरणांतील भाषा जहाल. त्यातले एखादे वाक्य उचलून विरुद्ध पक्षावर फेकण्याची चाल अलीकडे फार पडली आहे. हिंदूंवर टीका हवी असेल त्यास ती त्यात मिळते, मुसलमानांवर हवी असेल त्यासही मिळते. परंतु ज्या ग्रंथात दोन्ही बाजू इतक्या श्रमाने मांडल्या, त्यातून एकच बाजू खिशात घालून निघणे हा ग्रंथाचा अनादर होय. अनेक विधाने आज नव्याने तपासावी लागतील, आणि वाचकाने ती तपासावीच. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. राज्यांच्या सीमा व फौजांची संख्या यांचा हिशेब मांडणारा हा ग्रंथ १९३५ साली निवर्तलेल्या रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. हालअपेष्टांच्या काळात त्यांनी जी शांतपणे सोबत केली, तिची आठवण अर्पणपत्रिकेत आहे.

तिसरा ग्रंथ ‘द बुद्ध अँड हिज धम्म’. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, प्रकृती साथ देत नसता, बाबासाहेब तो लिहीत होते. छपाईचा खर्च मोठा. बुद्धजयंतीच्या निमित्ताने सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्या, अशी विनंती त्यांनी १९५६ च्या सप्टेंबरात पंतप्रधान नेहरूंना केली, पण ती फळास आली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतराचा सोहळा झाला, ६ डिसेंबरला त्यांचे निर्वाण झाले, आणि ग्रंथ १९५७ साली सोसायटीतर्फे प्रसिद्ध झाला. आपला ग्रंथ छापील रूपात पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

धर्मग्रंथाच्या आरंभी सहसा वंदना असते. या ग्रंथाच्या आरंभी चार शंका आहेत, आणि त्यांतली पहिली अशी : सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सोडले, हे परंपरेचे उत्तर. हे तिन्ही नित्य दिसणारे देखावे २९ व्या वर्षापर्यंत त्याच्या दृष्टीस पडलेच नसतील काय, असा बाबासाहेबांचा आक्षेप आहे. त्यांनी दिलेले कारण निराळे. शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला व लवादाची सूचना मांडली : दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा. संघाने बहुमताने युद्ध पत्करले. शस्त्र धरावयाचे नाही, आणि कुटुंबावर संघाचा बहिष्कार व जप्तीही ओढवून घ्यावयाची नाही, म्हणून त्याने स्वेच्छेने देशत्याग केला.

या कथेपाशी तिन्ही कपाटे एक होतात. नदीच्या पाण्याचा तंटा, दोन गणांचे राजकारण, बहुमतापुढे एकट्या पडलेल्या माणसाचा निर्धार, आणि त्यातून निघालेला धर्म. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यालेला, आणि दौलताबादला त्याच पाण्यासाठी शिव्या खाल्लेला पुरुष ही कथा लिहीत होता, हे विसरून ती वाचता येत नाही. काही बौद्ध पंडितांनी या ग्रंथावर कडक टीका केली. मूळ वचनांचे आधार जागच्या जागी दिलेले नाहीत, आणि परंपरेतील काही गोष्टींना लेखकाने स्वतःचा अर्थ दिला आहे, हे त्यांचे म्हणणे निराधार नाही. इतिहास म्हणून वाचणाऱ्यास ही अडचण येणारच. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता, ज्या मुलाच्या शंकेचे समाधान एके काळी घरी झाले नव्हते, त्याने आपल्या धर्मग्रंथाच्या दारातच शंका मांडून ठेवल्या, ही गोष्ट मोठी आहे.

या ग्रंथाचा मराठी अनुवाद घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस व शां. शं. रेगे या तिघांनी केला. चिटणीस हे मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य; ‘युगयात्रा’ नाटकाचे कर्तेही तेच. रेगे हे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल. म्हणजे संस्थापकाने इंग्रजीत जे लिहिले ते त्याच्याच महाविद्यालयांतील माणसांनी मराठी घरांत पोहोचविले. ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवून दलित लेखकांच्या एका पिढीस हक्काची जागा देणारे डॉ. गंगाधर पानतावणे हेही मिलिंदचेच प्राध्यापक.

हे लिखाण आज दुर्मिळ नाही. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणे यांचे खंड १९७९ सालापासून काढले. त्यातील आठवा खंड पाकिस्तानविषयक ग्रंथाचा, अकरावा बुद्ध व धम्माचा, आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ बाराव्यात समाविष्ट आहे. तरुण वाचकाने हा क्रम उलटा करावा. आधी बारावा खंड उघडून ती थोडी पाने एका बैठकीत वाचावी. नंतर अकरावा, मराठीत हवा असेल तर अनुवाद, रोज एक प्रकरण याप्रमाणे. आठवा शेवटी घ्यावा, जवळ एक वही असावी, आणि जेथे जेथे लेखकाचे म्हणणे पटणार नाही तेथे तेथे आपली शंका लिहून ठेवावी. कोष्टकांचा कंटाळा आला तर ती पहिल्या वाचनात सोडण्यास हरकत नाही; परदेशापासून घ्यावयाच्या धड्यांचे प्रकरण मात्र सोडू नये.